धर्म लहान, काम मोठं

१. प्रश्न काय आहे

"मुलीला तोक्योत प्रवेश मिळालाय, पण ते विद्यापीठ ख्रिस्ती आहे म्हणे. जपानी लोक तर बौद्ध ना?" जपानला मुलं शिकायला पाठवणाऱ्या घरांतून हा प्रश्न हल्ली ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचं प्रमाण जेमतेम एक टक्का. बाकीचे लोक बौद्ध मंदिरात श्राद्धं करतात, शिंतो मंदिरात नवजात बाळाला नेतात, आणि पुष्कळजण विचारलं तर सांगतात की आम्ही कुठल्याच धर्माचे नाही.

तरीही नामवंत खासगी विद्यापीठांकडे नजर टाका. तोक्योमधली रिक्क्यो, आओयामा गाकुइन, मेइजी गाकुइन आणि सोफिया, क्योतोमधलं दोशिशा, कोबेजवळचं क्वान्सेइ गाकुइन. ही सगळी ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी किंवा ख्रिस्ती झालेल्या जपान्यांनी काढलेली. १९८४ पासून वीस वर्षं पाच हजार येनच्या नोटेवर ज्यांचं चित्र होतं ते नितोबे इनाझो ख्रिस्ती होते, आणि २०२४ पासून त्याच किमतीच्या नोटेवर आलेल्या त्सुदा उमेकोही ख्रिस्तीच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जपानमधली पहिली संस्था, सर्वांत गाजलेलं अनाथालय, बालगुन्हेगारांना तुरुंगाऐवजी घर देणारी शाळा, यांच्या मुळाशी गेलं तरी हीच माणसं भेटतात.

शंभरातला एक माणूस आणि त्याची एवढी कामं, हे कसं जमलं? उत्तरासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. धर्म पसरणं ही एक, आणि धर्माच्या प्रेरणेतून उभं राहिलेलं काम पसरणं ही दुसरी. जपानमध्ये पहिली गोष्ट फारशी झाली नाही. दुसरी झाली, कारण या माणसांनी नेमक्या त्या जागा धरल्या जिकडे सरकारचं लक्ष गेलेलं नव्हतं.

२. गोव्याहून निघालेलं जहाज

या गोष्टीची सुरुवात आपल्याला परकी नाही. कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी १५४८ मध्ये गोव्यात होता. तिथल्या सेंट पॉल कॉलेजात त्याने शिक्षण घेतलं आणि गोव्यातच बाप्तिस्मा घेतला. त्याच्याकडून जपानची माहिती ऐकून फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलात गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. त्यांच्यामागून आलेल्यांत लुईस दे अल्मेइदा नावाचा वैद्यकी शिकलेला पोर्तुगीज व्यापारी होता. त्याने फुनाई म्हणजे आजच्या ओइता शहरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रयस्थान आणि १५५७ मध्ये रुग्णालय उभं केलं. १५८० मध्ये अरिमा आणि अझुची इथे मुलांसाठी शाळा निघाल्या. छपाईचं यंत्र १५९० मध्ये जपानात पोचलं तेही गोव्यावरूनच.

वसईकरांना यातलं एक नाव घरचं वाटेल. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. जपानी भाषा त्यांना चांगली येत होती, म्हणून १५९३ मध्ये ते फ्रान्सिस्कन साधूंचे दुभाषे होऊन जपानला गेले. या साधूंनी क्योतोत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. चारच वर्षांत जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांत गोन्सालो होते.

१६१४ मध्ये देशभर बंदी आली, आणि पुढची अडीचशे वर्षं ख्रिस्ती असणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला. शाळा, रुग्णालयं, छापखाना, काहीच उरलं नाही. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत लपून श्रद्धा जपणारी कुटुंबं तेवढी राहिली, आणि ती १८६५ मध्ये ओउराच्या नव्या चर्चमध्ये पुढे आली. चौकाचौकांतले बंदीचे फलक सरकारने १८७३ मध्ये काढले. आज जी विद्यापीठं दिसतात त्यांचा या पहिल्या लाटेशी थेट धागा नाही. त्यांची गोष्ट दुसऱ्या लाटेपासून सुरू होते.

३. हरलेल्या बाजूची मुलं

१८६८ मध्ये शोगुन या लष्करी शासकाची सत्ता गेली आणि सम्राटाच्या नावाने मेइजी राजवट आली. सात्सुमा आणि चोशू या विजयी संस्थानांतले सामुराई नव्या सरकारात बसले. हरलेल्या बाजूचे सामुराई, विशेषतः शोगुनचे निष्ठावंत आणि आइझू संस्थानचे लोक, रस्त्यावर आले. त्यांच्या मुलांना वाचन-लेखन येत होतं, शिस्त होती, कशासाठी तरी जीव टाकायची सवय होती. ज्याच्यासाठी जीव टाकायचा तो धनीच उरला नव्हता.

हीच मुलं इंग्रजी शिकायला योकोहामातल्या धर्मप्रसारकांकडे आली. पहिल्या पिढीतल्या जपानी ख्रिस्ती नेत्यांमध्ये शोगुनच्या बाजूच्या घरांतले तरुण फार दिसतात, हे यामाजी आइझान या इतिहासकाराने पूर्वीच नोंदवलं आहे. उएमुरा मासाहिसा शोगुनच्या सरदारघराण्यातले, मेइजी गाकुइनचे प्रमुख झालेले इबुका काजिनोसुके आइझूचे, आओयामा गाकुइनचे प्रमुख होंडा योइत्सु उत्तरेकडच्या त्सुगारू संस्थानचे. नव्या सरकारात यांना वर चढायला शिडी नव्हती. शाळा काढणं, वर्तमानपत्र चालवणं, गरिबांत राहणं, हे मार्ग मात्र मोकळे होते. केवळ परदेशी पैशाने या संस्था उभ्या राहिल्या, असं मानणाऱ्यांनी हा भाग पुन्हा तपासावा. परदेशी पैसा होताच. पण तो घेऊन आयुष्य झोकून देणारी माणसं या पराभवातून आली.

दोशिशाचे निइजिमा जो हे या पिढीतलं सर्वांत ठळक उदाहरण. १८४३ मध्ये अन्नाका या छोट्या संस्थानच्या सामुराई घरात जन्म. परदेशी जाणं हा गुन्हा असताना १८६४ मध्ये ते हाकोदाते बंदरातून अमेरिकन जहाजावर लपून पळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातून १८७० मध्ये पदवी घेतली. १८७४ मध्ये मायदेशी निघण्याआधी व्हरमाँट राज्यातल्या रटलंड गावी मिशन मंडळाच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले की जपानात ख्रिस्ती महाविद्यालय काढण्यासाठी पैसे मिळाल्याशिवाय मी परत जाणार नाही. जागीच सुमारे पाच हजार डॉलरची वचनं मिळाली.

शाळेसाठी त्यांनी क्योतो निवडलं. बौद्ध मठांचं हे शहर, विरोध होणार हे उघड होतं. मदतीला आले यामामोतो काकुमा. हे आइझूचे सामुराई, लढाईनंतर सात्सुमाच्या वाड्यात कैद भोगलेले आणि दृष्टी गेलेले, पण बुद्धी अशी की ज्यांनी कैद केलं त्यांच्याच राजवटीत ते क्योतो प्रशासनाचे सल्लागार झाले. त्या जुन्या सात्सुमा वाड्याची जागा त्यांनी निइजिमांना दिली. २९ नोव्हेंबर १८७५ रोजी आठ विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. वर्गात बायबल शिकवायचं नाही, ही अट निइजिमांनी मान्य केली आणि बायबल स्वतःच्या घरी शिकवलं.

त्यांच्या शिकवण्याची रीत एका प्रसंगावरून कळते. १८८० मध्ये वर्ग एकत्र करण्याच्या निर्णयावर विद्यार्थी बिथरले आणि नियम मोडून वर्गांवर बहिष्कार टाकला. शिक्षा झाली पाहिजे असा शिक्षकांचा आग्रह होता. सकाळच्या प्रार्थनेत निइजिमा म्हणाले की चूक मुलांचीही नाही, शिक्षकांचीही नाही, प्रमुख म्हणून माझी आहे. मग हातातल्या काठीने त्यांनी स्वतःच्याच हातावर इतके फटके मारले की काठी तुटली. विद्यार्थी रडत पुढे धावले. शिक्षक आज्ञा देतो आणि शिष्य ऐकतो, एवढंच ठाऊक असलेल्या मुलांसमोर ही वेगळीच गोष्ट घडली. पुढे ज्यांची नावं येतील त्यांतले तोमेओका कोसुके आणि यामामुरो गुनपेई या शाळेत शिकले, आणि इशिई जूजी निइजिमांना गुरुस्थानी मानत.

४. मुली

१८७२ च्या शिक्षण कायद्याने मुलगे आणि मुली दोघांसाठी प्राथमिक शाळा सांगितली. पण प्राथमिकच्या पुढे मुलींचं काय, यावर सरकारने बराच काळ फारसं काही केलं नाही. ही जागा मिशनच्या शाळांनी घेतली. मेरी किडर यांनी १८७० मध्ये योकोहामात सुरू केलेला वर्ग म्हणजे आजचं फेरिस. कोबेमध्ये एलायझा टॅलकॉट आणि ज्युलिया डडली यांनी १८७५ मध्ये काढलेली शाळा म्हणजे आजचं कोबे कॉलेज. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या मुली पुढे शिक्षिका, परिचारिका, संपादक झाल्या. अशाच शाळेत शिकवणाऱ्या याजिमा काजिको यांचं उदाहरण घ्या. दारुड्या नवऱ्याला सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या शिक्षिकेने १८८६ मध्ये तोक्योत महिलांची मद्यपानविरोधी संघटना काढली. एकपत्नीत्वाचा कायदा व्हावा आणि परवाना असलेला वेश्याव्यवसाय बंद व्हावा, या मागण्या या संघटनेने पुढची कित्येक दशकं लावून धरल्या.

त्सुदा उमेको यांची वाट वेगळी होती. १८७१ मध्ये सरकारने पाच मुलींना अमेरिकेला पाठवलं, त्यांत त्या सर्वांत लहान, अवघ्या सहा वर्षांच्या. अकरा वर्षांनी परतल्या तेव्हा जपानी बोलायला विसरल्या होत्या आणि त्यांच्या शिक्षणाचं काय करायचं ते सरकारला सुचत नव्हतं. त्यांनी पुन्हा अमेरिकेत जाऊन ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्राचं शिक्षण घेतलं, आणि १९०० मध्ये दहा विद्यार्थिनींना घेऊन इंग्रजीची शाळा काढली. मुलींना 'उत्तम पत्नी आणि सुज्ञ माता' बनवणं हे सरकारी शाळांचं उद्दिष्ट होतं. त्सुदांच्या शाळेचा भर मात्र पोट भरू शकणारी शिक्षिका घडवण्यावर होता.

५. मान किती वाकवायची

सरकार इतकी वर्षं गप्प बसलं असेल असं समजू नका. ३० ऑक्टोबर १८९० रोजी सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक आज्ञापत्र निघालं. आईवडिलांची सेवा करा, भावंडांशी प्रेमाने वागा, आणि संकटकाळी राज्यासाठी स्वतःला अर्पण करा, असा त्याचा आशय. त्याची प्रत शाळोशाळी गेली आणि तिच्यापुढे नमस्कार करणं हा विधी झाला.

९ जानेवारी १८९१ रोजी तोक्योच्या पहिल्या उच्च माध्यमिक विद्यालयात हा विधी होता. उचिमुरा कान्झो नावाचे तरुण शिक्षक आपली पाळी आल्यावर पुढे गेले. हे साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले आणि तिथेच ख्रिस्ती झालेले. त्यांनी मान किंचित लववली. खोल वाकून नमस्कार केला नाही, कारण तशी पूजा फक्त देवाची, असं त्यांच्या मनाने घेतलं. एवढ्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. नोकरी गेली. ते न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले, आणि त्याच वसंतात त्यांची पत्नी वारली. दोन वर्षांनी तत्त्वज्ञ इनोउए तेत्सुजिरो यांनी ख्रिस्ती धर्म आणि जपानी शिक्षण यांचं जमूच शकत नाही, अशी मांडणी करून देशभर वाद पेटवला.

१८९९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने आदेश काढला की सरकारमान्य शाळेत धर्मशिक्षण आणि धार्मिक विधी चालणार नाहीत. हा आदेश कसा बोचत होता ते समजून घ्यायला एका मुलाची कल्पना करा. तो मिशनच्या माध्यमिक शाळेत आहे. शाळा मान्यताप्राप्त असेल तर त्याची लष्करभरती शिक्षण संपेपर्यंत पुढे ढकलली जाते आणि सरकारी उच्च विद्यालयाच्या परीक्षेलाही बसता येतं. मान्यता गेली की दोन्ही सवलती गेल्या. मग वडील त्याला कुठल्या शाळेत घालतील? आओयामा आणि मेइजी गाकुइन यांनी मान्यता सोडली, प्रार्थना सोडली नाही, आणि पटसंख्या कोसळली. रिक्क्योने मान्यता ठेवली आणि धर्मशिक्षण वसतिगृहात नेलं. काही वर्षांच्या खटपटीनंतर सवलती परत मिळाल्या. मुलींच्या मिशन शाळांना याची झळ कमी लागली, कारण मुलींना ना सैन्यात जायचं होतं, ना सरकारी उच्च विद्यालयात प्रवेश होता.

उचिमुरांना पुन्हा सरकारी शिक्षकाची नोकरी मिळाली नाही. ते लेख लिहीत राहिले आणि रविवारी बायबल शिकवत राहिले. चर्चच्या संघटनेशिवायचा ख्रिस्ती धर्म, हा त्यांचा मार्ग. त्या रविवारच्या वर्गात बसलेल्या तरुणांकडे लक्ष द्या. नानबारा शिगेरू १९४५ मध्ये तोक्यो विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि युद्धानंतरच्या शिक्षणसुधारणेचं नेतृत्व त्यांनी केलं. त्यांच्यानंतर १९५१ मध्ये प्रमुख झालेले यानाइहारा तादाओ हेही उचिमुरांचे शिष्य. चीनवरच्या युद्धाला विरोध केल्याने १९३७ मध्ये त्यांना याच विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं होतं. तानाका कोतारो पूर्वी याच वर्गात बसत, नंतर कॅथलिक झाले, आणि १९४६ मध्ये शिक्षणमंत्री. १९४७ च्या शिक्षणाच्या मूलभूत कायद्यावर या मंडळींचा हात फिरलेला आहे. आता शिक्षणाचं ध्येय राज्यासाठी अर्पण होणारा प्रजाजन हे राहिलं नाही, व्यक्तिमत्त्वाचा पूर्ण विकास हे ठरलं. पुढच्याच वर्षी संसदेने ते १८९० चं आज्ञापत्र रद्दबातल ठरवलं. जपानी शिक्षणावर ख्रिस्ती विचाराचा सर्वांत खोल ठसा कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी कुठल्याही विद्यापीठाच्या इमारतीआधी या कायद्याकडे बोट दाखवीन.

६. ज्यांना कुणी नव्हतं

आता समाजकल्याण. आधी एक नियम समजून घेऊ. १८७४ मध्ये मेइजी सरकारने गरिबांच्या मदतीचे नियम केले. मदत कुणाला? ज्याला कुटुंब नाही, नातेवाईक नाहीत, शेजारीही आधार देऊ शकत नाहीत, आणि जो म्हातारा, आजारी, अपंग किंवा तेरा वर्षांपर्यंतचं मूल आहे, त्यालाच. तिशीतली एक विधवा आहे, हातीपायी धड, पदरी दोन मुलं. तिला काय मिळेल? काही नाही. ती एकटी नाही आणि काम करू शकते. गरिबी ही नातलगांनी निस्तरायची बाब, ही त्यामागची समजूत. हे नियम पन्नासहून अधिक वर्षं टिकले. पुढचा कायदा १९२९ मध्ये झाला आणि पैशाअभावी १९३२ मध्ये अमलात आला.

१८८७ मध्ये इशिई जूजी नावाचा बावीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी ओकायामाजवळच्या खेड्यात राहून रुग्ण तपासत होता. नेमकी अशीच एक विधवा, यात्रेकरूंच्या मेळ्यातून फिरणारी, त्याच्याकडे आली. दोन मुलं सांभाळता येत नाहीत, थोरल्याला ठेवून घ्या, म्हणाली. त्याने ठेवून घेतलं. मग दुसरं मूल आलं, तिसरं आलं, आणि त्यातून अनाथालय उभं राहिलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी केवळ प्रार्थनेच्या आणि देणग्यांच्या भरवशावर हजारो अनाथांना वाढवलं, हे त्याने वाचलं होतं. दोन वर्षांनी, डॉक्टर व्हायला थोडाच अवधी उरलेला असताना, त्याने वैद्यकाची पुस्तकं जाळून टाकली. दोन धन्यांची चाकरी एकदम होत नाही, असं त्याचं म्हणणं.

१९०६ मध्ये ईशान्य जपानात दुष्काळ पडला तेव्हा इशिईंनी ठरवलं की येईल त्याला घ्यायचं. ओकायामाच्या त्या अनाथालयात एके काळी बाराशे मुलं होती. एवढ्या मुलांना रांगेत झोपवणारी बराक त्यांना नको होती. छोट्या घरांत दहा-बारा मुलं आणि त्यांची एक 'आई', अशी रचना त्यांनी केली. लहानग्यांना आधी खेळू द्यावं, मोठ्यांना पोटभर जेवू घालावं, शिक्षा करायची तर एकट्याला बाजूला बोलावून, असे त्यांचे नियम होते. पैसा उभा करायला मुलांचा बँड गावोगाव फिरे आणि कंदिलाच्या चित्रांनी अनाथालयाची माहिती दाखवी. कुराशिकीच्या सूतगिरणीचे मालक ओहारा मागोसाबुरो यांनी मोठी साथ दिली. इशिईंना पाहून हा धनिक तरुण बदलला आणि पुढे गरिबीची कारणं शास्त्रीय रीतीने शोधण्यासाठी १९१९ मध्ये त्याने ओसाकात सामाजिक संशोधन संस्थाच काढली. इशिई १९१४ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले.

दुसरे इशिई म्हणजे इशिई र्योइची. यांचा जूजींशी नात्याचा संबंध नाही. तोक्योतल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत ते शिकवत. २८ ऑक्टोबर १८९१ च्या नोबी भूकंपात सात हजारांहून अधिक माणसं मेली, आणि अनाथ झालेल्या मुलींना कुंटणखान्यांचे दलाल उचलू लागले. र्योइची तिथे गेले आणि वीसेक मुलींना घेऊन आले. त्यांतल्या एका मुलीला शिकवलेलं काही समजत नव्हतं. हे काय आहे हे जपानात कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी अमेरिकेत जाऊन अशा मुलांच्या संस्था पाहिल्या, आणि परतल्यावर अनाथालयाचं रूपांतर ताकिनोगावा गाकुएन या संस्थेत केलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जपानमधली ही पहिली. त्यांच्या पत्नी फुदेको युरोप पाहून आलेल्या, सरदारांच्या मुलींना शिकवण्याचा अनुभव असलेल्या, आणि पहिल्या लग्नातल्या आपल्या मुलीला याच संस्थेत ठेवणाऱ्या आई होत्या. १९२० मध्ये आगीत सहा मुलं दगावली, तेव्हा दोघांनी संस्था बंद करायचं ठरवलं. देशभरातून पत्रं आणि पैसे आले, उद्योगपती शिबुसावा एइइची अध्यक्ष झाले, आणि संस्था टिकली. ती आजही चालू आहे.

तोमेओका कोसुके यांची प्रेरणा लहानपणीच्या एका माराशी जोडलेली आहे. ते व्यापाऱ्याच्या घरी वाढलेले. सामुराईच्या मुलाने मारलं, यांनी उलट मारलं, आणि त्या सामुराईने यांच्या घराशी व्यवहार तोडला. वडिलांनी यांनाच बदडलं. पुढे चर्चमध्ये त्यांनी ऐकलं की देवापुढे सामुराई आणि व्यापारी सारखेच. ही त्यांच्या दृष्टीने नवीच वार्ता होती. तुरुंगातले धर्मोपदेशक म्हणून ते होक्काइदोला गेले. तिथे कैद्यांशी बोलताना त्यांना आढळलं की बहुतेकांची घसरण लहानपणी, मोडक्या घरात सुरू झाली. मग मुलाला घरच का देऊ नये? १८९९ मध्ये तोक्योच्या सुगामो भागात त्यांनी एक शाळा काढली, जिथे शिक्षक आणि त्याची बायको मुलांसोबत एका घरात राहतात, एकत्र जेवतात, शेतात राबतात. भिंती नाहीत, कुलपं नाहीत. १९१४ मध्ये होक्काइदोच्या रानात तिची शाखा निघाली. यामामुरो गुनपेई यांच्या साल्व्हेशन आर्मीने वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांना साथ दिली, त्यासाठी दलालांचा मार खाल्ला, आणि वर्षअखेरीला रस्त्यावर मदतीचं भांडं टांगून पैसे गोळा करायची चाल १९०९ पासून रुजवली.

७. दयेपासून हक्कापर्यंत

१९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कागावा तोयोहिको हा एकवीस वर्षांचा, क्षयाने पोखरलेला विद्यार्थी कोबेच्या शिनकावा झोपडपट्टीत राहायला गेला. आपल्या आयुष्याचे फार दिवस उरले नाहीत, ते इथेच घालवावे, असं त्याने ठरवलं होतं. तो एकाहत्तर वर्षं जगला. झोपडपट्टीत काही वर्षं काढल्यावर त्याला वाटू लागलं की एका भुकेल्याला जेवू घालून दुसऱ्या दिवशी आणखी दोघे दारात येतात, तर आधी मजुरी आणि बाजारभाव यांचं काही केलं पाहिजे. प्रिन्स्टनला शिकून आल्यावर तो कामगार संघटनेत उतरला. १९२१ मध्ये कोबेच्या जहाजबांधणी कामगारांचा प्रचंड संप झाला, त्याच्या नेत्यांत तो होता. त्याच वर्षी कोबे आणि शेजारच्या नादा भागात ग्राहकांच्या सहकारी संस्था निघाल्या. त्या पुढे एक झाल्या, आणि तीच आजची को-ऑप कोबे. १९२२ मध्ये कुळांची देशव्यापी संघटना त्याने सुगियामा मोतोजिरो यांच्यासोबत उभी केली. त्याच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचा प्रचंड खप झाला आणि तो पैसा या चळवळींत गेला.

१९३९ च्या जानेवारीत कागावा बारडोलीला गांधीजींना भेटले. चीनवरच्या आक्रमणाविषयी काय करावं, असा विषय निघाला. मनातलं उघड बोला आणि त्यासाठी गोळी खावी लागली तरी खा, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं. कागावांना ते पूर्णपणे जमलं नाही. १९४० मध्ये त्यांना अटक झाली, पण पुढे युद्धकाळात त्यांनी सरकारच्या बाजूने रेडिओवर भाषणंही केली. दलित बुराकु समाजाविषयी त्यांनी १९१५ च्या पुस्तकात लिहिलेली काही विधानं अपमानकारक होती, आणि त्यांच्यावर त्याबद्दल रास्त टीका झाली.

कुष्ठरोगाची गोष्ट याहून जड आहे. गोतेंबाजवळ फ्रेंच पाद्री टेस्टव्हीद यांनी १८८९ मध्ये आणि कुमामोतोत हॅना रिडेल या इंग्रज बाईंनी १८९५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं काढली. देवळांच्या पायऱ्यांवर मरणाऱ्या माणसांना त्यांनी अंथरूण दिलं. सरकारने लक्ष घालावं म्हणून रिडेल यांनी मंत्र्यांना गाठलं. सरकारने लक्ष घातलं ते १९०७ च्या कायद्याने, आणि पुढे सर्व रुग्णांना सक्तीने, कायमचं कोंडण्यात आलं. औषध मिळाल्यावरही ही कोंडी १९९६ पर्यंत टिकली, आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. या सगळ्या काळात त्या वसाहतींत भजनं म्हणायला जाणारे ख्रिस्ती लोक बरेच होते. कुंपणच चूक आहे असं म्हणणारे थोडे निघाले. दयेची सवय असलेल्या माणसालाही समोरच्याचा हक्क दिसतोच असं नाही.

८. मग धर्म का वाढला नाही

चांगलं काम एवढं होतं तर लोक ख्रिस्ती का झाले नाहीत? हे समजायला घरातलं विरजण आठवा. चमचाभर ताक दुधात घातलं की सकाळी सगळं दही. पण त्या दह्यातून कालचा चमचा वेगळा काढता येत नाही. जपानी सरकारने आणि समाजाने या संस्थांची पद्धत घेतली आणि श्रद्धा बाजूला ठेवली. तोमेओकांच्या घरासारख्या शाळेपाठोपाठ १९०० मध्ये बालसुधारणेचा कायदा झाला, आणि तोमेओका स्वतः गृहखात्याचे सल्लागार झाले. बौद्ध पंथांनीही आपली अनाथालयं आणि शाळा काढल्या. १९४७ चा बालकल्याण कायदा आला तेव्हा इशिई जूजींची छोटी घरं ही कुणा एका धर्माची राहिली नव्हती.

युद्धानंतरच्या राज्यघटनेच्या ८९ व्या कलमाने सरकारी ताब्यात नसलेल्या धर्मादाय कामाला सरकारी पैसा द्यायला मनाई केली. खासगी संस्थांची पंचाईत झाली. १९५१ च्या कायद्याने त्यावर तोड काढली. संस्थेने सरकारी देखरेख मान्य करून 'समाजकल्याण निगम' म्हणून नोंदणी करायची, मग पैसा मिळेल. बहुतेक ख्रिस्ती संस्था या चौकटीत आल्या. आता त्यांचे कर्मचारी, मुलं, वृद्ध, कुणीच ख्रिस्ती असण्याची गरज नाही, आणि बहुतेकजण नसतातच.

९. तोक्योहून हिंगण्याला

श्रद्धा बाजूला राहून काम पुढे गेल्याचं एक उदाहरण आपल्यापर्यंत येऊन पोचतं. नारुसे जिन्झो तरुणपणी ख्रिस्ती झाले, ओसाकाच्या बाइका मुलींच्या शाळेत शिकवलं, निइगातात पाद्री होते, अमेरिकेत शिकून आले. पुढे ते एका पंथाच्या चौकटीबाहेर आले, आणि १९०१ मध्ये त्यांनी तोक्योत काढलेलं जपान महिला विद्यापीठ धार्मिक संस्था नव्हतं. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून शिकवायचं, हे त्याचं सूत्र होतं, आणि शिकवणं मातृभाषेत.

या विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टपालाने आली. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम आणि मुलींसाठी महिला विद्यालय चालवणाऱ्या अण्णांना त्यातली मातृभाषेची आणि स्त्रियांच्या गरजा पाहून आखलेल्या अभ्यासक्रमाची कल्पना पटली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतात असं विद्यापीठ काढायचा विचार मांडला. १९१६ मध्ये ते सुरू झालं, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावाने पंधरा लाख रुपये दिले. आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना नारुसे कोण होते हे क्वचितच ठाऊक असतं. त्यांच्या शाळेतून निघालेली कल्पना तोक्योतून पुण्याला पोचेपर्यंत तिच्यावर कुठल्याच धर्माचा शिक्का राहिला नव्हता, आणि अण्णांनाही तो शोधायची गरज वाटली नाही.